काळी चारचा मुद्देमाल

तंबोरा चोरणारा माणूस एक तर फार मोठा रसिक असतो, नाहीतर धंद्यात अगदीच नवखा. पाकीट खिशात जातं, मोबाइल मोज्यात जातो, गळ्यातलं तर मुठीत मावतं. पण चार फुटी, बुडाला भलाथोरला भोपळा असलेला, गवसणी घातली तरी लांबून तंबोराच दिसणारा ऐवज खांद्याला लावून एक इसम प्लॅटफॉर्मवरून चालत गेला आणि कुणीही त्याला हटकलं नाही, हे आमच्या मावशीला अजून पटलेलं नाही. तिला चोराचा राग आहेच. त्याहून जास्त राग प्लॅटफॉर्मवरच्या पब्लिकचा आहे. एकानेही विचारू नये, ‘काय बुवा, आज बैठक कुठं?’

मावशी पुण्यात गाणं शिकवते. तिच्याकडे तंबोऱ्यांची जोडी आहे, तिच्या गुरूंनी मिरजेला करवून घेतलेली. दोन्ही जनानी, म्हणजे बायकांच्या पट्टीचे, काळी चारला लावलेले. त्यातला एक जवारी लावायला मिरजेला धाडला होता. शिष्य तो घेऊन रात्रीच्या गाडीने परतत होता. गुरूचं वाद्य म्हणून त्याने त्याला वरच्या बर्थवर निजवलं, अंगावर शाल घातली आणि आपण खाली आडवा झाला. पुण्यात जाग आली तेव्हा वर शालीखाली एक गृहस्थ घोरत होते. त्यांना उठवून विचारलं तर म्हणाले, ‘बर्थ रिकामा होता, शाल आयती होती, मी देवाचे आभार मानले.’

आता चोरी कुठे झाली? मिरज सोडल्यावर सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, लोणंद, नीरा, जेजुरी. शिष्याला कराडपर्यंतचं आठवत होतं. साताऱ्याचा चहावाला स्वप्नात ओरडला की खरोखर, याबद्दल त्याची खात्री नव्हती. स्टेशनवर पहिल्या खिडकीत कळलं की हे रेल्वे सुरक्षा दल. ते रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण करतं. तंबोरा रेल्वेचा असता तर त्यांनी जिवाचं रान केलं असतं. प्रवाशाची चोरी म्हणजे लोहमार्ग पोलीस. त्यांची चौकी जिन्याच्या पलीकडे.

तिथले हवालदार सज्जन होते. हद्दीचं नंतर बघू म्हणाले, शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. कलमही तोंडपाठ होतं: भारतीय न्याय संहिता 303(2), पूर्वीचं 379. अडचण पुढे आली.

‘काय गेलं?’

‘तंबोरा.’

‘म्हणजे सतार.’

‘सतारीला पडदे असतात. याला नसतात.’

‘मग आधीच मोडलेली होती का?’

मावशीने डोळे मिटले. शेवटी असं ठरलं, की ‘वाद्य, एक. खाली भोपळा, वर पोकळ लाकडी दांडी, चार तारा, चार खुंट्या.’

‘चालू होतं का बंद?’

‘प्रवासात तारा उतरवलेल्या होत्या.’

‘बंद,’ हवालदारांनी लिहिलं. ‘ओळखीची खूण?’

‘खर्जाची तार छेडली की मागून गंधार ऐकू येतो. आपोआप. न छेडता.’

हवालदारांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे खरं आहे, असं मी सांगितलं. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात सा-पा लावले तरी गंधार उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून घेतलं: ‘सदर वाद्यातून गंधार नावाचा आवाज आपोआप येतो.’ हे वाक्य पुढे आम्हाला फार महागात पडणार होतं.

‘डोळ्यांना दिसेल अशी खूण सांगा, मावशी.’

‘तबलीच्या कडेने हस्तिदंताची वेलबुट्टी आहे,’ मावशी अभिमानाने म्हणाली.

पेन थांबलं. ‘हस्तिदंत? मग वनखात्याला कळवावं लागंल. वन्यजीव कायदा 1972. कागद आहेत का?’

मी टेबलाखालून मावशीचा पाय दाबला. मावशीला ताल समजतो. ‘असं गुरू म्हणायचे,’ ती म्हणाली. ‘मी काही हत्ती पाहिला नाही. तुम्ही पांढरी नक्षी लिहा.’

‘पांढरी नक्षी’ लिहिली गेली. किमतीवरून थोडी हुज्जत झाली, कारण जुनी वस्तू म्हटली की दरवर्षी थोडी किंमत वजा करायची असा त्यांचा हिशेब, आणि लाकूड जितकं जुनं तितकं बोलतं असा मावशीचा. तिच्या हिशेबाने किंमत वाढत होती, त्यांच्या हिशेबाने तंबोऱ्याकडूनच सरकारला येणं निघत होतं. निघताना हवालदारांनी आपुलकीने स्वतःचा मोबाइल पुढे केला. ‘आमची मुलगी गाण्याच्या क्लासला जाते. ह्यात तानपुरा फुकट येतो बघा. चोरीची भीतीच न्हाय.’ मोबाइलमधून सा-पा सुरू झाला. मावशीने तो पूर्ण एक आवर्तन ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाली, ‘मुलीला माझ्याकडे पाठवा.’

पोलीस शोधतील तेव्हा शोधतील, म्हणून आम्ही आपला शोध सुरू केला. पुण्यात वस्तू हरवली की मंगळवार पेठेतला जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, पकडी, लष्करी बूट, एकेकटे स्पीकर, पाठ गेलेल्या खुर्च्या आणि पितळी अडकित्ते यांच्यामधून मावशी पदर खोचून चालली होती. वाद्यांपैकी भात्याविना पेटी मिळाली आणि एक डग्गा मिळाला, त्यात कांदे ठेवले होते. विक्रेत्याने आमची कैफियत ऐकून घेतली आणि धंद्यातलं सत्य सांगितलं.

‘पेटी गेली असती तर संध्याकाळपर्यंत विकली असती, आजी. पखवाजाला गिऱ्हाईक आहे. भजनी मंडळं आहेत, सप्ते आहेत. तंबोरा कोण घेतंय? त्याच्यावर गाणं वाजत नाही.’

‘अरे, गाणं त्याच्यावर वाजत नाही, त्याच्यात—’ मावशीने सुरुवात केली. मी तिला पुढे नेलं. तेवढ्यात तिने दहा रुपयांना एक मणी विकत घेतला. तंबोऱ्याच्या तारेत ओवायचा मणी होता म्हणे. तंबोरा सापडेल याबद्दल तिला शंकाच नव्हती.

मग मुंबई. चोरबाजाराची एक दंतकथा गाईडपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे सांगतात: व्हिक्टोरिया राणी मुंबईला आली, बोटीवरून सामान उतरवताना तिचं व्हायोलिन गायब झालं आणि चोरबाजारात विकायला ठेवलेलं सापडलं. या कथेत एकच उणीव आहे. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. पण कथा ऐकून मावशीला धीर आला. न आलेल्या बाईचं व्हायोलिन जिथे सापडतं तिथे आपला तंबोरा का सापडू नये! शुक्रवारी भल्या पहाटे आम्ही मटण स्ट्रीटच्या तोंडाशी उभे. भेंडीबाजार हाकेच्या अंतरावर. तिकडे पाहून मावशीने कानाच्या पाळीला हात लावला, अमान अली खाँसाहेबांसाठी एकदा आणि अंजनीबाई मालपेकरांसाठी एकदा. ज्या मोहल्ल्याच्या नावाने अख्खं घराणं चालतं तिथले लोक तंबोरा ओळखतील, असा तिचा हिशेब. लोकांनी आम्हाला भोंग्याचे ग्रामोफोन दाखवले. शंभर वर्षांचे जुने ग्रामोफोन, ताजं पॉलिश मारलेले. ‘तंबोरा पण बनवून देऊ,’ एक दुकानदार म्हणाला. ‘किती जुना पाहिजे?’

परतीच्या गाडीत मावशी गप्प होती, म्हणून मी फोनवर तिला उभारी द्यायला जगातल्या चोऱ्या वाचून दाखवल्या. रोमान टोटेनबर्ग नावाच्या वादकाचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन 1980 मध्ये गेलं ते 2015 मध्ये सापडलं. ‘त्याला केवढा आनंद झाला असेल!’ मावशी म्हणाली. मला पुढचं वाचावं लागलं: टोटेनबर्ग 2012 मध्येच वारले, 101 व्या वर्षी. ‘अगंबाई. अजून तीन वर्षं कळ काढायची की!’

दुसरी चोरी लंडनची. 2010 मध्ये मिन-जिन किम या वादिकेचं व्हायोलिन यूस्टन स्टेशनजवळ सँडविच खाताना पळवलं. किंमत 12 लाख पौंड. चोरांनी ते एका बसड्रायव्हरला 100 पौंडांना देऊ केलं, तर तो म्हणाला, नको, माझ्या मुलीकडे पावा आहे. मंगळवार पेठेतला विक्रेता आणि लंडनचा बसड्रायव्हर यांचं मत इतकं जुळावं याचं मला नवल वाटलं. मावशीचं लक्ष मात्र टोटेनबर्गवरच अडकलं होतं. ते व्हायोलिन सापडलं कसं, हे तिला हवं होतं. संशयिताच्या माघारी त्याच्या घटस्फोटित बायकोने ते किंमत करायला जाणकाराकडे नेलं, आणि जाणकाराने बघताक्षणी ओळखलं.

‘म्हणजे चोर जाईल तिकडे जाऊ दे,’ मावशी म्हणाली. ‘वाद्य शेवटी करणाऱ्याकडे जातं. चल मिरजेला.’

मिरजेला लोक दोन कारणांनी जातात: दवाखाना आणि तंबोरा. स्टेशनवर रिक्षावाला चेहरा बघून ठरवतो. आमचे चेहरे बघून त्याने पहिलं विचारलं, ‘कुठला डॉक्टर?’

सतारमेकर गल्लीत शिरलं की दारादारांत भोपळे टांगलेले दिसतात. हा भोपळा भाजीचा नाही, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी खास पिकवतात, वेलीवरच वाळू देतात. कडू असल्यामुळे किडा लागत नाही. चोराला तो शिजवूनही खाता आला नसता, एवढं समाधान. ही कारागीर घराणी मूळची शिकलगारांची. तलवारींना धार लावायची. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपत आलं आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारी गवई यायला लागले. वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेबांनी ती घडवायला घेतली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, 1937 पासून इथल्याच दर्ग्यात विसावले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद काचेत लावलेला होता. मावशीने तो वाचला. ‘मानांकन मिळालं ते बरं झालं. तंबोऱ्याला पत्ता मिळाला.’

दुकानात म्हातारे चाचा घोडीवर कानस चालवत बसले होते. जवारी बघायला शिकावं तर त्यांच्याकडून. घोडीच्या पाठीला कानशीचा एक हात द्यायचा, तार बसवायची, तारेखाली सुताचा धागा केसाएवढा पुढे-मागे सरकवायचा आणि ऐकायचं. पुन्हा उतरवायची, पुन्हा एक हात. समोर कुणी मेलं तरी मान वर होत नाही. आम्ही अर्धा तास बसलो. मग तार अचानक उघडली, खोलीभर झाली, आणि चाचा म्हणाले, ‘बोला.’

मावशीने सांगितलं. चाचांना चोरीपेक्षा आपली ताजी जवारी गेल्याचं दुःख झालं. ‘तरी बरं, हस्तिदंत होता हे पोलिसांत लिहिलं नाही,’ मी म्हणालो.

‘कसला हस्तिदंत? उंटाचं हाड आहे ते. अब्बांनी बसवलंय.’

मावशीचा चेहरा पडला. इतकी वर्षं वनखात्याला घाबरण्याची योग्यता आपल्या तंबोऱ्यात नव्हतीच, याचा तो विषाद होता.

चाचांच्या नातवाने तोवर मोबाइलवर गल्लीतल्या सगळ्यांना फोटो धाडला. त्याचा परिणाम आम्ही स्टेशनवर भजी खात असताना कळला. नातवाचा एक मित्र हायवेला अख्खा मसूर खायला गेला होता. त्याने ताटाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. ताटात मसूर, रोटी, कांदा. मागे भिंतीवर आमचा तंबोरा. नातवाने आजोबांना फोटो दाखवला. चाचांनी तो मोठा करून घोडी पाहिली आणि म्हणाले, ‘आपलाच आहे. उलटा टांगलाय.’

कराड आणि सातारा यांच्या मध्ये हायवेला ते हॉटेल. अंगणात बैलगाडीचं चाक, जुनं जातं, कंदील, आणि मध्यभागी भोपळा वर, खुंट्या खाली असा तंबोरा. दिव्यांची माळ त्याच्या भोवती फिरवली होती. ती दर दोन सेकंदांनी हिरवी व्हायची. खाली पाटी: ‘सेल्फी पॉइंट’. एक कुटुंब फोटो काढत होतं. मावशी त्या फोटोत सरळ चालत शिरली आणि दिव्यांची माळ सोडवायला लागली.

मालक धावत आला. भला माणूस. ‘आवो मावशी, सातशे रुपये मोजल्यात. एक पोरगा आला, म्हणला आज्जाची वीणा हाय, गावाकडं ठेवायला जागा न्हाय. बरोबर घागर पण दिली.’

‘घागर कुणाची?’ मी विचारलं.

‘ती कुणीतरी यील शोधत,’ मालक शांतपणे म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. सातशे रुपये मालकाच्या हातावर ठेवायचे, तंबोरा गाडीत घालायचा. मालकही तयार होता, वर मसूरही खिलवत होता. पण शिष्याने उत्साहाच्या भरात आधीच पोलिसांना फोन केला होता. ते आले आणि तंबोरा तंबोरा राहिला नाही, मुद्देमाल झाला.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. शेजारचा पंक्चरवाला आणि ऊस भरून चाललेला एक ट्रॅक्टरवाला बोलावले. फिर्यादीत ओळखीची खूण दिलेली होती, ‘गंधार नावाचा आवाज आपोआप येतो’, तेव्हा त्या आवाजाची खातरजमा होणं भाग होतं. मावशीने खाटेवर मांडी घातली, तारा लावल्या. त्या उतरलेल्या, वरून दिव्यांच्या उष्म्याने तापलेल्या, वेळ लागला. ट्रॅक्टरवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं. अखेर मावशीने खर्ज छेडला.

‘आला का गंधार?’ साहेबांनी पंचांना विचारलं.

‘कोन?’ पंक्चरवाला म्हणाला.

‘आवाज आला का?’

‘आवाज आला की.’

‘आपोआप आला का?’

‘न्हाय. मावशींनी वाजवला म्हणून आला.’

यावर पाऊण तास गेला. ‘पंचांसमक्ष वाद्यातून आवाज आला, तो फिर्यादीच्या सांगण्यानुसार गंधार आहे’ या मजकुरावर तडजोड झाली. मग खर्जाच्या खुंटीला सुतळी बांधली, तिला पुठ्ठ्याचं लेबल लावलं, गाठीवर लाखेचं सील ठोकलं. ‘जोडीपैकी एक’ असंही साहेबांनी आठवणीने लिहिलं, कारण मावशीने ते तीनदा सांगितलं होतं.

ठाण्याच्या मालखान्यात तंबोऱ्याला चांगली जागा मिळाली. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला मिक्सर, समोर हातभट्टीचे कॅन. आम्ही पुढच्या खेपेला भेटायला गेलो तेव्हा एका खुंटीवर कुणाची तरी टोपी होती. मावशीने ती काढून सायकलीच्या हँडलला अडकवली आणि भोपळ्यावरून हात फिरवला.

चोराकडून वस्तू परत मिळवायला मसूर खावा लागतो. कायद्याकडून मिळवायला वकील लागतो. आमचा वकील तरुण आणि जोरात होता. सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय म्हणाला, की मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि पंधरा दिवस ते महिन्याच्या आत मालकाला देऊन टाका. ते ऐकून मावशीला सुंदरभाईंबद्दल इतका आदर वाटला, की ते कुठल्या घराण्याचे, असं तिने विचारलं. अर्ज झाला, सुपूर्तनामा झाला, तंबोरा मिळाला. अटी दोन: बोलावलं की कोर्टात हजर करायचा, आणि मूळ स्वरूपात कोणताही बदल करायचा नाही.

‘सील खुंटीवर आहे,’ मावशीने वकिलाला विचारलं. ‘खुंटी फिरवली तर सील तुटतं. न फिरवता खर्ज लावू कसा?’

‘लावू नका.’

‘मग बाकीच्या तीन तारांनी काय भजी तळायची?’

परतीला एसटी मिळाली. मावशीचं महिला सवलतीतलं अर्धं तिकीट निघालं, आणि कंडक्टरची नजर तंबोऱ्याकडे गेली. तो शेजारच्या सीटवर बसला होता. ‘ह्याचं पण तिकीट लागंल. सीट अडवलीया.’

‘द्या की,’ मावशी म्हणाली. ‘पण अर्धं. हा जनानी आहे.’

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी नाइलाजाने खुलासा केला, की तंबोऱ्यांत मर्दानी आणि जनानी असे दोन प्रकार असतातच, हा खरोखर जनानी आहे आणि तसं कोर्टाच्या कागदातही आलेलं आहे. मावशीने कागद काढला. कंडक्टरने तो वाचला, सील बघितलं, लेबल बघितलं. मागच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, ‘कैदी हाय का?’

‘जामिनावर आहे,’ मावशी म्हणाली.

कंडक्टरने मशीन खिशात घातलं आणि तंबोऱ्याला नमस्कार करून पुढे गेला.

परवा वकिलाचा फोन आला. तारीख लागली आहे. पंचनाम्यात ‘जोडीपैकी एक’ असं आल्यामुळे समोरच्या वकिलाने हरकत घेतली आहे, की हाच तो तंबोरा कशावरून; तेव्हा दुसराही घेऊन या, साहेब दोन्हींचा आवाज ऐकून खात्री करतील. सील त्यांच्यासमक्ष तोडायची परवानगी मागितली आहे, बहुतेक मिळेल.

मला वाटलं मावशी वैतागेल. तिने शांतपणे विचारलं, ‘पुकारा किती वाजता होईल?’

‘सांगता येत नाही, मावशी. बोर्डावर आपला नंबर वर असला तर सकाळी साडेअकरा, नाहीतर जेवणानंतर.’

‘असं मोघम सांगून चालणार नाही. सकाळी असेल तर तोडी, दुपारी असेल तर भीमपलास. नंबर आदल्या दिवशी कळवा, आणि तबलजी आमचा आम्ही आणू की कोर्टाकडून मिळतो, तेही विचारून ठेवा.’